नोटीस आल्यावर डॉक्टरने काय करायचं, हे शिकवणार कोण?

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली
महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबई

विषय : निष्काळजीपणाच्या दाव्याला सामोरं जाण्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण इंटर्नशिप व पदव्युत्तर अभ्यासक्रमात सक्तीचं करण्याबाबत.

महोदय,

मी भूलतज्ज्ञ आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि आसपासच्या नर्सिंग होममध्ये बोलावणं येईल तशी जाऊन भूल देते. सर्जनचं नाव पेशंटच्या साऱ्या गोतावळ्याला पाठ असतं, आमचं कुणी विचारत नाही. नोटिशीत मात्र ते डिग्रीसकट अचूक असतं. काही वर्षांपूर्वी जिल्हा ग्राहक आयोगापुढच्या एका तक्रारीत मी ‘सामनेवाले क्र. 3’ होते. बऱ्याच तारखांनंतर माझ्याविरुद्धची तक्रार फेटाळली गेली. तेव्हा हे पत्र हरलेल्या माणसाच्या चिडीतून आलेलं नाही, आणि डॉक्टरांना कायद्यातून सूट मिळावी म्हणूनही मी लिहीत नाही. त्या मागणीशी मी सहमत नाही, हे आधीच सांगून टाकते.

इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर 1995 चा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे तेव्हाच ठरलं. 2019 चा नवा कायदा आल्यावर आमच्यातल्या काहींना वाटलं की आता सुटलो, कारण आधीच्या विधेयकात ‘सेवा’च्या व्याख्येत असलेला आरोग्यसेवेचा उल्लेख अंतिम कायद्यात राहिला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती आशा संपवली. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वकील या कायद्याबाहेर गेले, त्यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर संताप चालला होता. मला त्यातल्या एकाही मेसेजचा उपयोग समजला नाही. ज्या कायद्याखाली आपण तीस वर्षं काम करतो आहोत, त्या कायद्यापुढे उभं कसं राहायचं हे आपल्या एकाही विद्यार्थ्याला करून दाखवलं जात नाही, संताप खरं तर त्याचा यायला हवा. माझं भांडण तेवढंच आहे आणि ते तुमच्याशी आहे.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रमात आहे की. आहे, मान्य. फॉरेन्सिकच्या पुस्तकात निष्काळजीपणाचं प्रकरण आहे. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आहे, त्यात नीतिमूल्यं आणि संवादाचे तास आहेत. आमच्याकडे येणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी मुद्दाम विचारते. 1957 ची बोलम कसोटी, म्हणजे त्या शाखेतल्या जाणकार डॉक्टरांना मान्य असलेल्या पद्धतीने वागलेला डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, ही ते झोपेतून उठवलं तरी सांगतात. दिवाणी आणि फौजदारी निष्काळजीपणातला फरक चार ओळींत लिहितात. पण ‘ग्राहक आयोगाची नोटीस हातात पडली, पहिल्या दिवशी काय करशील?’ या प्रश्नावर शांतता. एक जण म्हणाला, ‘मॅडम, आमच्या सरांना फोन करीन.’ सरांनी कुणाला फोन करायचा, हे सरांनाही ठाऊक नसतं.

या शांततेची किंमत किती असते, ते सांगते. ग्राहक कायद्यानुसार नोटीस आणि तक्रारीची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. आयोग फार तर आणखी 15 दिवस देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च 2020 मध्ये सांगितलं आहे. डॉक्टर आजारी होते, वकील बाहेरगावी होते, ओपीडीला गर्दी होती, यातलं काहीही चालत नाही. गेल्या पावसाळ्यात एक तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ माझ्याकडे आली. पर्समधून तिने पाकीट काढलं, त्यावरचा पोस्टाचा शिक्का महिन्याहून जुना होता. पेशंटचे सासरे ओळखीचे, बोलून मिटेल असं वाटल्यामुळे तिने ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं. तिच्या उपचारात मला तरी चूक दिसली नाही. रक्तस्राव झाला तेव्हा तिने जे केलं ते पुस्तकात आहे तसंच होतं. पण ते सांगायला हातात जेमतेम आठवडा उरला होता, आणि इंडोर पेपरची, म्हणजे भरती असतानाच्या नोंदींची, झेरॉक्ससुद्धा काढलेली नव्हती. ही मुलगी पदव्युत्तर परीक्षेत पहिल्या काही नंबरांत होती. तुमच्याच परीक्षेत.

माझी दुसरी तक्रार कागदांबद्दल आहे. आम्हाला नोट्स लिहायला शिकवतात ते राउंडला सरांनी ओरडू नये म्हणून. हाच कागद उद्या तिऱ्हाईत माणूस ओळ न ओळ वाचणार आहे, असं कुणी सांगत नाही. माझ्या केसमध्ये रुग्णाचं हर्नियाचं ऑपरेशन पाठीत भुलेचं इंजेक्शन देऊन झालं होतं. पुढे पायाला बधिरपणा राहिला, त्यावरून तक्रार. समोरच्या वकिलांनी प्रश्नावली दिली, त्यातला एक प्रश्न अजून तोंडपाठ आहे : ‘10.40 नंतर थेट 10.55 ला रक्तदाब नोंदवलेला दिसतो. मधल्या वेळेत आपण शस्त्रक्रियागृहात हजर होता काय?’ हजर होते. बीपी खाली आलं होतं, मी सलाईन जोरात सोडून बीपी वाढवणारं मेफेंटरमिन देत होते. औषधाच्या रकान्यात त्याची वेळ पडली होती, 10.45. त्या एका आकड्यावर उत्तर उभं राहिलं. तो आकडा तिथे आला तो रेसिडेन्सीतल्या एका खडूस सिस्टरमुळे. औषध दिल्याची वेळ टाकल्याशिवाय ट्रॉली पुढे ढकलायला त्या नकार द्यायच्या. अभ्यासक्रमाचा त्यात काही वाटा नव्हता.

आणि जो आकडा नसतो त्याचं काय होतं? नोटीस आली की घाबरलेला डॉक्टर केसपेपर काढून बसतो आणि वेगळ्या पेनाने दोन ओळी वाढवतो. मी हे पाहिलं आहे. माणूस लबाड असतो म्हणून करतो असं नाही. त्याने ती तपासणी खरोखर केलेली असते, लिहायची राहिलेली असते, आणि आता लिहिली तर बिघडलं कुठे, असं त्याला वाटतं. बिघडतं ते असं, की पेशंटकडे आधीच झेरॉक्स असते. दोन प्रती शेजारी ठेवल्या की उपचाराचा प्रश्न मागे पडतो आणि खोटेपणाचा पुढे येतो. राहिलेली नोंद नंतर करायचीच असेल तर त्या दिवसाची तारीख-वेळ घालून, ‘नंतर केलेली नोंद’ असं लिहून, खाली सही करायची, आणि तीही नोटीस येण्याच्या आधी. नोटिशीनंतर मूळ कागदाला हात लावायचा नाही. एवढं एक वाक्य शिकवायला किती तास लागतात?

2002 च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यावं लागतं. भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात. आमच्याकडची सर्वसाधारण समजूत अशी, की रेकॉर्ड मागणारा नातेवाईक म्हणजे शत्रू, त्याला चार वेळा ‘उद्या या’ म्हणावं. चार वेळा परत पाठवलेला माणूस पाचव्या वेळी वकिलाकडे जातो. तीन वर्षं झाली की गठ्ठे रद्दीत घालण्याचीही घाई असते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असली तरी योग्य कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, हे त्या रद्दीवाल्याला नाही तर निदान डॉक्टरला माहीत हवं.

संमतीपत्राबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे आमची बाजू खरोखरच लंगडी आहे. समीरा कोहली खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी 2008 मध्ये लागला. दुर्बिणीतून तपासणीसाठी म्हणून भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. संमती घेतली ती ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, बसलेल्या आईची. न्यायालयाने विचारलं ते असं : रुग्ण सज्ञान होती, काही वेळाने शुद्धीवर येणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग थांबायला काय हरकत होती? निदानासाठीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, हे त्या निकालाने स्पष्ट केलं. त्यानंतर इतकी वर्षं लोटली. मी ज्या ओटींमध्ये जाते तिथे आजही बऱ्याच ठिकाणी एकच छापील इंग्रजी कागद सगळ्या ऑपरेशनांना चालतो. त्यावर नवऱ्याची सही आणि बाईचा अंगठा, तोही स्ट्रेचरवर झोपवल्यावर. गुंतागुंतीच्या रकान्यात ‘सर्व धोके समजावून सांगितले’. कोणते, कुणी, कोणत्या भाषेत? माझ्या केसमध्ये वकिलांनी नेमकं हेच विचारलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो प्रश्न योग्यच होता. पाठीतल्या इंजेक्शनचे धोके मी तोंडी मराठीत सांगितले होते. कागद मात्र नर्सिंग होमचा आणि इंग्रजी होता.

मराठी मुलखातल्या विद्यापीठाने नेहमीच्या शस्त्रक्रियांची आणि भुलेची सोप्या मराठीतली संमतीपत्रं तयार करून सगळ्यांना खुली करावीत, यासाठी कोणत्या समितीची वाट बघायची?

आता थोडं फौजदारीबद्दल. सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू निकाल ऑगस्ट 2005 चा. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा हवा. तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतल्या तटस्थ डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत आधी घ्यावं. अटक ही नेहमीची पद्धत नसावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचारादरम्यान तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. हे सगळं ठाण्यातल्या हवालदाराला माहीत असेलच असं नाही, मग निदान डॉक्टरला तरी सभ्यपणे सांगता यायला हवं. मार्च 2022 मध्ये राजस्थानातल्या लालसोटला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एक रुग्ण दगावली, पोलिसांनी डॉक्टरवर थेट खुनाचं कलम लावलं आणि त्या डॉक्टरने स्वतःला संपवलं. त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी काळ्या फिती लावल्या. अशा वेळी एखाद्या डॉक्टरने रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, याचं उत्तर त्या फितींनंतरही महाराष्ट्रात कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही. केस चालू असताना मी स्वतः रात्री-अपरात्री उठून फाइल चाळत बसायचे. घरी बोलायची सोय नव्हती आणि सहकारी टाळायचे, जणू नोटीस संसर्गजन्य असते.

तज्ज्ञाचं मत देणारे प्राध्यापक हा आणखी एक दुखरा मुद्दा. ते तुमच्याच महाविद्यालयांतले असतात. ‘कागदपत्रे पाहिली असता उपचार योग्य असल्याचे दिसून येते’ असा एका ओळीचा अभिप्राय मी वाचला आहे, आणि तसाच एका ओळीत उलटाही. पहिल्याने तक्रारदाराला वाटतं की डॉक्टर-डॉक्टर एक झाले, दुसऱ्याने डॉक्टरला वाटतं की कुणीतरी डाव साधला. कोणते कागद पाहिले, त्या परिस्थितीत मान्य पद्धत कोणती होती, तिच्यापासून कुठे फारकत झाली, आणि झालेली इजा त्यामुळेच झाली की झालीच असती, एवढे चार प्रश्न सोडवल्याशिवाय अभिप्राय पूर्ण होऊ नये. एम.डी., एम.एस. होईपर्यंत असा एकही अहवाल कुणी लिहून घेत नाही.

विद्यार्थ्यांना घाबरवायचं नाही, असं मला एका परिचित प्राध्यापकांनी सांगितलं. सर, ती घाबरलेलीच आहेत. म्हणून तर संध्याकाळनंतर आलेला अवघड पेशंट जिल्ह्याला पाठवला जातो. ऐंशी किलोमीटर, खड्ड्यांचा रस्ता. ती भीती अर्धवट माहितीतून आलेली आहे आणि तिचं बिल पेशंट भरतो. ज्या डॉक्टरला कायद्याची चौकट नीट ठाऊक असते, तो वाजवी जोखीम घेतो, नातेवाइकांशी खरं बोलतो आणि ते लिहून ठेवतो.

तक्रारदारांची बाजूही इथे नोंदवते. पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर 1953 मध्ये मांडीचं हाड मोडलेल्या वीस वर्षांच्या मुलाला पुण्याला नेलं, भूल न देता जोर लावून पाय ओढला गेला आणि तो दगावला. डॉक्टर जबाबदार आहेत, यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं 1968 मध्ये. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये नसबंदीच्या वेळी एका बाईच्या पोटात कापड राहिलं, ती वारली. तिच्या नवऱ्याला अंतिम निकाल मिळाला 1996 मध्ये. तेहतीस वर्षं. या दोन्ही घटना मला कुणी वर्गात शिकवल्या नाहीत, केस अंगावर आल्यावर मी वाचल्या. भूलतज्ज्ञ म्हणून पहिली वाचताना अंगावर काटा आला. या लोकांना पैशाआधी हवं असतं ते कुणीतरी समोर बसून काय झालं ते सांगणं. तेही आपण शिकवत नाही. उलट ‘काही बोलू नकोस, वकील सांगतील’ हे आपलं एकमेव शिक्षण. दोष कबूल करणं आणि घडलेलं स्पष्ट सांगणं, यात अंतर आहे. ते अंतर राखून बोलता येतं, पण त्याला सराव लागतो.

तर माझ्या मागण्या अशा.

इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाने, नावं वगळलेल्या एका खऱ्या फाइलवर, नोटिशीपासून लेखी म्हणण्यापर्यंतचं काम स्वतः करावं : घटनाक्रम तारीख-वेळेसह मांडणं, कागदांची यादी व प्रती, विमा कंपनीला लगेच लेखी कळवणं, वकिलाला समजेल अशा भाषेत वैद्यकीय टिपण. व्यावसायिक विम्याचं नूतनीकरण चुकलं तर जुन्या केसेसचं संरक्षण जाऊ शकतं, हेही त्यात यावं, कारण ते एजंट सांगत नाहीत. आणि प्रत्येकाने एक पूर्ण दिवस जिल्हा ग्राहक आयोगात मागच्या बाकावर बसावं. तिथे काय चालतं ते पाहिलं की निम्मी दहशत जाते.

पदव्युत्तर परीक्षेआधी प्रत्येक विद्यार्थ्याची, त्याने स्वतः लिहिलेल्या केसपेपरवर, उलटतपासणी व्हावी. वकील कुठून आणायचे, हा प्रश्न विचारू नका. विधी महाविद्यालयं जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत, तिथल्या मुलांना अभिरूप न्यायालयासाठी साक्षीदार हवे असतात. दोन कुलगुरूंनी एक पत्र लिहायचा अवकाश आहे. तज्ज्ञ-अभिप्राय लिहिणं हाही त्याच परीक्षेचा भाग व्हावा.

वैद्यकीय परिषदेला : नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत व्याख्यानं-कार्यशाळांना हजर राहून 30 क्रेडिट गुण मिळवावे लागतात. त्यातली काही क्रेडिट नोंदी, संमती आणि नातेवाइकांशी संवाद यांसाठी राखून ठेवा, आणि ती पंचतारांकित हॉटेलातल्या जेवणाआधीच्या व्याख्यानावर मिळू नयेत. शिवाय केसमध्ये सापडलेल्या डॉक्टरांसाठी, आधी त्यातून गेलेल्या डॉक्टरांचा एक गोपनीय मदतगट चालवा. त्याला लागणारा खर्च आमच्या नूतनीकरण शुल्कातूनच निघेल.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला एकच : हे सगळं ‘शिफारस’ म्हणून पाठवू नका. शिफारशींचं महाविद्यालयांत काय होतं ते आपण जाणता. तपासणीच्या दिवशी रजिस्टर रंगवलं जातं.

पुढच्या इंटर्नच्या तुकडीपासून यातलं काय सुरू होणार आणि कोणाच्या सहीने, एवढं लेखी कळवावं. शिकवायला माणसं मिळत नाहीत असं उत्तर येणार असेल, तर आमच्या जिल्ह्यातल्या सत्रांना मी येते. मानधन नको. माझ्या केसचे कागद, रुग्णाचं नाव झाकून, सोबत आणेन. 10.45 चा तो रकाना मुलांनी स्वतः शोधून काढावा.

आपली,
एक भूलतज्ज्ञ